बारा आठवड्यांत योगाभ्यास अंगवळणी कसा पाडावा: कोल्हापूरकरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

कोल्हापुरात व्यायामाचं महत्त्व कुणाला पटवून द्यावं लागत नाही. पेठापेठांत तालमी आहेत, खासबागचं मैदान आहे, आणि उजाडायच्या आत रंकाळ्यावर चालणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. अडचण दुसरीच आहे. घाम निघाला नाही आणि मांड्या भरून आल्या नाहीत तर व्यायाम झालाच नाही, हा तालमीतला हिशोब इथल्या माणसाच्या हाडात मुरलेला असतो. तोच हिशोब घेऊन तो योगासनांकडे येतो. पहिल्या दिवशी २५ सूर्यनमस्कार घालतो, दुसऱ्या दिवशी कठडा धरून जिना उतरतो आणि आठवड्याभरात सतरंजी माळ्यावर जाते.

आखाड्यात ही रग पेलते, कारण तिथे मागे वस्ताद असतो, खुराक असतो, दुपारची झोप असते आणि वय विशीचं असतं. दिवसभर दुकानात उभं राहणाऱ्या, मशिनवर काम करणाऱ्या किंवा घर सांभाळणाऱ्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही. पतंजलींनी अभ्यास पक्का होण्यासाठी तीन अटी सांगितल्या आहेत: तो दीर्घकाळ व्हावा, खंड न पडता व्हावा आणि आदराने व्हावा. जोर लावून करावा, असं त्यात कुठेच नाही. खाली दिलेला बारा आठवड्यांचा क्रम या तीन अटींवरच बेतला आहे. पी हळद आणि हो गोरी, अशी अपेक्षा असणाऱ्याला तो फार संथ वाटेल. पण टिकतो तो असाच अभ्यास.

या अभ्यासात वस्ताद म्हणजे श्वास. आसनात श्वास अडकला, तोंड उघडावंसं वाटलं, कपाळाला आठ्या पडल्या किंवा दात आवळले गेले, की आपण ताकदीबाहेर गेलो. तेव्हा आसन सोडायचं नाही. थोडंसं, बोट-दोन बोटं मागे यायचं आणि श्वास पुन्हा सरळ चालू लागेल तिथे थांबायचं. बारा आठवडे हा एक नियम पाळला तरी निम्मी दुखणी टळतात.

सुरुवात करण्याआधी

रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, काचबिंदू, मणक्याची सरकलेली गादी, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. काचबिंदू असलेल्यांनी डोकं कमरेच्या खाली जाईल असं काहीही करू नये. उभं राहून खाली वाकायचं पादहस्तासन आणि हात-पाय टेकवून कंबर वर उचलायचं पर्वतासनही त्यात आले. त्याऐवजी भिंतीला हात टेकून, पाठ जमिनीला समांतर ठेवून वाकावं.

जागा सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद पुरते. ती रोज तीच असू द्या. बसण्या-झोपण्याच्या प्रकारांसाठी आपल्याकडच्या घोंगडीसारखी बैठक नाही. दुहेरी घालून वर सुती चादर टाकली की पावसाळ्यातल्या गार, दमट फरशीवरही पाठीला थंडी लागत नाही आणि लोकर टोचत नाही. मात्र गुळगुळीत टाइल्सवर घोंगडी आणि सतरंजी दोन्ही सरकतात. उभ्याची आसनं आणि सूर्यनमस्कार कोरड्या फरशीवर अनवाणी किंवा रबरी मॅटवरच करा. पायमोजे घालून कधीच करू नका.

वेळ पहाटेची चांगली, पण सूर्योदयावर ती बांधू नका. कोल्हापुरात जूनच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास उजाडतं, तर जानेवारीत सूर्य वर यायला सात वाजून जातात. सूर्योदय धरून चालणारा माणूस थंडीत तासभर मागे पडतो, कामाची घाई होते आणि अभ्यास सुटतो. घड्याळाची एक वेळ ठरवा, समजा पावणेसहा, आणि वर्षभर तीच ठेवा. पोट रिकामं हवं. जेवणानंतर साडेतीन-चार तास आणि चहानंतर अर्धा तास जाऊ द्या. उठल्यावर पेलाभर कोमट पाणी प्यायला हरकत नाही.

पहिले दोन आठवडे: फक्त १५ मिनिटं

पहिली ३ मिनिटं नुसतं बसा. मांडी घातल्यावर गुडघे खुब्यापेक्षा वर राहत असतील तर बुडाखाली चार बोटं उंचीची घडी घ्या. तरीही कंबर वाकत असेल तर सरळ खुर्चीत बसा, त्यात कमीपणा काही नाही. डोळे मिटा आणि नाकाशी येणारा-जाणारा श्वास फक्त पाहा. तो लांबवू नका, मोजूही नका.

पुढची ३ मिनिटं सांध्यांसाठी. घोटे दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा फिरवा, मग मनगटं आणि खांदे. मान गोल फिरवू नका. ती उजवीकडे, डावीकडे, पुढे अशी सावकाश न्या आणि प्रत्येक वेळी मध्यावर आणा.

मग २ मिनिटं ताडासन. पावलांत चार बोटांचं अंतर ठेवा, श्वास घेत हात वर न्या आणि चवड्यांवर या. दोन श्वास थांबा आणि श्वास सोडत टाचा टेकवा. असं पाच वेळा. तोल जात असेल तर नजर समोरच्या भिंतीवरच्या एका ठिपक्यावर रोवा. त्यानंतर २ मिनिटं मार्जारासन. हात-गुडघ्यांवर या, श्वास घेत पाठ खाली आणि नजर वर, श्वास सोडत पाठ कमानीसारखी वर. इथे हालचाल श्वासामागून यायला हवी. बहुतेकांचं उलटं होतं: पाठ आधी पोहोचते आणि श्वास मागून धावतो. वेग निम्मा करा, आपोआप जुळेल.

शेवटची ५ मिनिटं शवासनाची. लोक हेच आधी टाळतात, आणि टाळू नये असं हेच आहे. पायांत दीड फूट अंतर ठेवा, तळहात वर, हात अंगापासून वीतभर दूर. हनुवटी वर जात असेल तर डोक्याखाली पंचाची घडी घ्या, कंबर उचललेली वाटत असेल तर गुडघ्यांखाली उशी. पायांच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेका अवयवावर लक्ष नेत तो सैल सोडा. पहिल्या आठवड्यात झोप लागेल. लागू द्या, थकव्याचं देणं फिटतंय असं समजा. तिसऱ्या आठवड्यानंतरही लागत असेल तर एक कोपर जमिनीला टेकवून तो हात कोपरापासून उभा ठेवा. डुलकी लागली की हात पडतो आणि जाग येते.

या दोन आठवड्यांत १५ मिनिटांच्या वर जायचं नाही, अंगात कितीही उत्साह असला तरी. इथे शरीर कमवायचं नसून वेळ आणि जागा पक्की करायची आहे. आरंभशूर माणूस इथेच घसरतो.

तिसरा ते पाचवा आठवडा: २५ मिनिटं

आधीचं सगळं ठेवा, त्यात चार आसनं घाला.

पवनमुक्तासन पाठीवर झोपून, गुडघा छातीशी धरून एकेका पायाने करा, प्रत्येकी पाच श्वास. सेतुबंधासनात पाठीवर झोपून टाचा बुडाजवळ आणा आणि श्वास घेत कंबर उचला. गुडघे बाहेर फाकले की जोर कमरेच्या मणक्यांवर येतो, म्हणून दोन गुडघ्यांमध्ये छोटी उशी धरा. तीन वेळा, दरवेळी तीन श्वास. भुजंगासन पालथं झोपून, तळहात छातीशेजारी टेकवून, छाती उचलून करायचं; बेंबी जमिनीला टेकलेलीच ठेवा. हातांच्या जोरावर वर उठायचं नाही. मध्ये एकदा तळहात जमिनीपासून अर्धा इंच उचलून पाहा: छाती खाली आली तर इतका वेळ हातच काम करत होते, पाठ नव्हे. चौथं वज्रासन, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर बसणं. घोटे दुखत असतील तर घोट्यांखाली गुंडाळलेला पंचा ठेवा, गुडघे ताणत असतील तर टाच आणि बूड यांच्यामध्ये दोन जाड घड्या. गुडघ्याच्या आत बोचल्यासारखी कळ आली तर आसन सोडून द्या. मांडीच्या पुढच्या बाजूचा ताण चालतो, सांध्यातली कळ चालत नाही. हा फरक ओळखायला शिकणं हीच या तीन आठवड्यांची खरी कमाई.

सहावा ते आठवा आठवडा: सूर्यनमस्कार

सूर्यनमस्कार या मातीला नवे नाहीत. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते संस्थानातल्या शाळांपर्यंत नेले. तालमीतले जोर आणि नमस्कारातला मधला भाग यांचं नातंही जवळचं आहे. म्हणूनच इथे घाई होते. नमस्काराला जोरांसारखा मोजायचा आकडा समजलं जातं.

सहाव्या आठवड्यात रोज २ नमस्कार, एक उजव्या पायाने आणि एक डाव्या पायाने. सातव्यात ४, आठव्यात ६. एका नमस्काराला पूर्ण एक मिनिट लागलं पाहिजे.

हात जोडून उभं राहा आणि श्वास सोडा. श्वास घेत हात वर न्या. मागे वाकण्यापेक्षा वर ताणण्याकडे लक्ष द्या, मान मागे टाकू नका. श्वास सोडत खाली वाका. गुडघे खुशाल वाकवा, पण वाकणं खुब्यातून होऊ द्या. कंबर गोल करून ताठ गुडघ्यांनी फरशी गाठणाऱ्याची पाठ तिसऱ्या दिवशी धरते. आता तळहात पावलांच्या दोन्ही बाजूंना टेकवा. ते दोन्ही पाय पुन्हा पुढे येईपर्यंत जागचे हलवायचे नाहीत. श्वास घेत एक पाय मागे न्या, गुडघा टेकवा. श्वास सोडत दुसराही मागे, कंबर वर, डोकं दोन हातांच्या मध्ये. मग गुडघे, छाती, हनुवटी टेकवत अष्टांग. इथे श्वास बाहेर रोखायला सांगतात, पण नवख्याने छोटा श्वास घ्यावा. श्वास घेत भुजंगासन, सोडत पुन्हा कंबर वर, घेत एक पाय पुढे, सोडत दुसरा पुढे, घेत हात वर, सोडत नमस्कार. पुढे येताना कोणता पाय आधी आणायचा यात परंपरांत फरक आहे. एक पद्धत धरा आणि महिनाभर बदलू नका.

एक जागा मात्र नीट बघण्यासारखी आहे: मागचा पाय दोन हातांच्या मध्ये आणण्याची. बहुतेकांचा पाय वीतभर मागेच राहतो, मग ते हात मागे सरकवतात किंवा पाय बाहेरून फिरवून आणतात. पाय आखूड नसतो, अंगाचा भार पुढे गेलेला नसतो. आधी नजर समोर उचला, खांदे बोटांच्या रेषेपर्यंत पुढे न्या, त्याच बाजूच्या हाताचा तळवा क्षणभर उचलून बोटांच्या टोकांवर या. जागा तयार होते आणि पाऊल आत येतं. तरीही राहिलं तर हाताने घोटा धरून पुढे ठेवा. दोन-तीन आठवड्यांत गरज उरत नाही.

मनगटं दुखली तर कारण बहुधा एकच: भार तळहाताच्या मागच्या कडेवर पडतो. बोटं पसरा आणि तर्जनीच्या बुडाशी फरशी दाबा. आंघोळीच्या वेळी ओल्या तळहाताचा ठसा फरशीवर उमटवून पाहा. मनगटाकडची बाजूच ठळक दिसत असेल, तर चूक तिथेच आहे.

नववा ते बारावा आठवडा: प्राणायाम आणि बैठक

सहा नमस्कार आणि आधीची आसनं तशीच ठेवा, सांध्यांचा भाग कमी करा आणि शवासनाआधी १० मिनिटं काढा. एकूण वेळ ३५ ते ४० मिनिटं, त्यापुढे वाढवायची गरज नाही.

अनुलोम-विलोमात उजव्या अंगठ्याने उजवी नाकपुडी बंद करा, डावीने ४ अंकांत श्वास घ्या. अनामिकेने डावी बंद करा, उजवीने ६ अंकांत सोडा. मग उजवीने ४ घ्या, डावीने ६ सोडा. हे एक आवर्तन. नवव्या आठवड्यात ५, दहाव्यात ८, पुढे १०. मध्ये श्वास रोखायचा नाही. कुंभक समोर बसून शिकवणाऱ्याशिवाय करू नये. जबरीने श्वास रोखणाऱ्याला दिवसभर डोकं जड वाटतं, चिडचिड होते, आणि त्याचं कारण त्याच्या लक्षातही येत नाही. नाक चिमटीसारखं दाबू नका, नाकाच्या हाडाखाली जिथे मऊ भाग सुरू होतो तिथे बोट टेकवलं तरी पुरतं. सर्दीने नाक चोंदलं असेल, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ते चोंदतंच, तर ओढाताण न करता भ्रामरी करा: ओठ मिटलेले, दात किंचित विलग, श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव, ५ ते ७ वेळा. कपालभाती या क्रमात मुद्दाम घातलेली नाही. उच्च रक्तदाब, हर्निया, गर्भारपण आणि मासिक पाळीच्या दिवसांत ती वर्ज्य आहे, आणि बाकीच्यांनीही ती व्हिडिओ बघून वेगाने करण्यात अर्थ नाही.

त्यानंतर ५ मिनिटं बैठक. सुटणारा प्रत्येक श्वास मोजा, १ ते १०, मग पुन्हा १. मोजणी २३ वर गेलेली आढळेल किंवा ४ नंतर गायबच होईल. तेव्हा स्वतःवर न चिडता १ पासून सुरू करा. मन भरकटणं म्हणजे बिघाड नव्हे. ते भरकटलेलं कळलं तो क्षणच सजगतेचा असतो.

उरलेल्या तेवीस तासांत

पहाटेचे चाळीस मिनिटं शांत आणि मग दिवसभर घिसाडघाई, असं असेल तर बदल दिसत नाही. पण सगळा दिवस सजग राहायचं म्हटलं तर दुपारपर्यंतही जमत नाही. म्हणून तीन ठिकाणं नेमून घ्या.

एक, रोज लागणारा सिग्नल. दाभोळकर कॉर्नर असो की ताराराणी चौक, लाल दिवा लागला की मोबाइल न काढता तीन सावकाश श्वास, खांदे खाली. दोन, जेवणाचे पहिले पाच घास. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत, घास गिळल्यावरच पुढचा घास उचलायचा. तीन, चालणं. रंकाळ्यावर किंवा विद्यापीठाच्या परिसरात रोज चालत असाल तर त्यातली दहा मिनिटं गप्पा आणि हेडफोन बाजूला ठेवून चाला. तीन पावलांत श्वास घ्या, चार पावलांत सोडा. चढ लागला की गणित मोडेल, तेव्हा पावलं कमी करा, श्वास ओढू नका.

खाण्याबद्दल फार सोवळं पाळायची गरज नाही. तांबडा-पांढरा सोडून योग करा, असं सांगणारा सल्ला या गावात चार दिवस टिकणार नाही. रविवारी रात्री मटणाचा बेत असेल तर तो आठच्या आत उरका आणि सोमवारी नमस्कार निम्मे करा. अभ्यास मात्र चुकवू नका. धारोष्ण दूध किंवा मिसळ, जे काही सकाळी घ्यायचं ते अभ्यासानंतर अर्ध्या तासाने.

बदल होतोय हे कसं कळणार

वजनकाटा बाजूला ठेवा, तो सगळ्यात शेवटी हलतो. आधी झोप आणि पोट साफ होणं सुधारतं, मग श्वास लांबतो, मग सांधे मोकळे होतात. एका वहीत रोज एक ओळ लिहा: किती मिनिटं केलं, झोप कशी लागली, कुठे दुखलं. दर रविवारी दोन गोष्टी मोजा. वाकल्यावर बोटं फरशीपासून किती दूर राहतात, ते बोटांच्या मापाने. आणि जाग आल्यावर पडल्या पडल्या मिनिटाला किती श्वास होतात, ते. प्रौढ माणसाचे साधारण १२ ते २० असतात. स्वतः मोजायला लागलं की श्वास बदलतो, म्हणून घरातल्या कुणाला तरी तुमच्या नकळत पोटाची हालचाल बघून मोजायला सांगा.

खंड पडणारच. लग्नसराई, गणपती, परीक्षा, आजारपण. तीन दिवसांपर्यंत खंड असेल तर होतं तिथूनच पुढे चला. चार ते दहा दिवस झाले असतील तर नमस्कार आणि आवर्तनं निम्मी करून आठवडाभर काढा. त्याहून जास्त असेल तर दोन टप्पे मागे या. चुकलेलं भरून काढायला एका दिवशी दुप्पट करणं ही दुखापतीची सगळ्यात जवळची वाट आहे.

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्यांनी सकाळी घरी आल्यावर हा अभ्यास करू नये. थकलेल्या अंगाने तोल आणि लक्ष दोन्ही राहत नाही. घरी आल्यावर फक्त शवासन करा आणि झोपा. उठल्यावर, जेवणाआधी, पूर्ण क्रम करा. पाळी बदलली की घड्याळाची वेळ बदलेल, पण ‘उठल्यावर पाऊण तासाने’ ही वेळ बदलत नाही.

आणि काही दिवस असे येतात की जागा, वेळ, घोंगडी काहीच हाताशी नसतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेकाठच्या कितीतरी घरांतली माणसं पै-पाहुण्यांकडे किंवा शाळेच्या वर्गात राहिली. दवाखान्यात रुग्णाजवळ बसलेल्याचंही तेच. त्या दिवसांसाठी तीन मिनिटांचा अभ्यास आधीच पाठ करून ठेवा. जिथे असाल तिथे पाठ टेकू न देता बसा आणि दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकवा. खांदे तीनदा वर घेऊन सोडा. ४ अंकांत श्वास घ्या, ६ अंकांत सोडा, असं दहा वेळा. मग डोळे न उघडता आजूबाजूचे तीन आवाज ओळखा, तळपायाखालची जमीन गार आहे की कोमट ते पाहा, आणि उठा. वहीत त्या दिवशीही एक ओळ लिहायची: ३ मिनिटं.